मंगळवारी सकाळी धार कोण काढणार?

वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात: "आम्ही पुण्यात राहतो. चार वर्षांपूर्वी भोर तालुक्याच्या पश्चिमेला दोन एकर जमीन घेतली. पर्माकल्चरचं, म्हणजे निसर्गाच्या रचनेवर बेतलेल्या टिकाऊ शेतीचं शिबिर केलं, त्या पद्धतीनं आंबा, फणस, शेवगा, आवळा अशी १८० झाडं लावली. एका खाचरात भात करतो. शनिवार-रविवार तिथं असतो, एरवी शेजारच्या वाडीतलं एक कुटुंब पाणी बघतं. बोअर एप्रिलमध्ये कमी पडते. यजमान पुढच्या मे महिन्यात निवृत्त होऊन सासूबाईंसह तिथं राहायला जाणार, माझी नोकरी अजून चार वर्षं आहे. जनावरांशिवाय शेत पुरं होत नाही असं शिबिरात सांगितलं होतं. म्हणून या पावसाळ्याआधी एक गीर गाय, पाच शेळ्या, पंचवीस कोंबड्या, थोडी बदकं आणि मधमाश्यांच्या पेट्या आणायचं ठरवलंय. आम्ही अंडी खातो, मांस नाही. आपल्याकडचं कुठलंही जनावर कापायला जाऊ नये, असं सासूबाईंना आणि मलाही वाटतं. सुरुवात कशी करू?"

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा जनावरांची यादी वाचली. दुसऱ्यांदा त्या यादीशेजारी एका माणसाचं नाव शोधत होते, ते सापडलं नाही. मंगळवारी सकाळी सहा वाजता तुमच्या शेतावर कोण असतं?

वाडीतलं कुटुंब पाणी बघतं, ते चांगलंच आहे. पण पाणी बघणं वेगळं आणि जनावर बघणं वेगळं. झाडाचं एका दिवसाचं पाणी चुकलं तर झाड सोसतं. दुभत्या गाईच्या धारा चुकल्या तर कास तटतटते, गरम होते, आणि दुर्लक्ष झालं तर सडातून गाठी यायला लागतात. हे रविवारी रात्री पुण्याला निघाल्यावर फोनवरून सांभाळता येत नाही. म्हणून पहिली गोष्ट स्पष्टच सांगते. यजमान तिथं राहायला जाईपर्यंत दावणीला काहीही बांधू नका. एक वर्ष थांबा. त्या वर्षात करायला भरपूर आहे.

आता गाय. तुमचं मन तिच्यातच गुंतलंय हे पत्रातून कळतं, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहिते.

साडेतीनशे किलोच्या देशी गाईला रोज पंधरा-वीस किलो हिरवी वैरण आणि पाच-सहा किलो वाळली वैरण लागते. वर्षाचा हिशोब केला तर हिरवं साडेपाच टन आणि वाळलं दोन टन. पाण्याखालचं फुले जयवंतसारखं संकरित नेपियर गवत असेल तर हिरव्यासाठी पाच गुंठे पुरतात, म्हणजे जागेची अडचण नाही. अडचण पाण्याची आहे. तुमची बोअर एप्रिलमध्ये कमी पडते, आणि नेपियरला सगळ्यात जास्त पाणी नेमकं एप्रिल-मेमध्ये हवं असतं. गाईला स्वतःलाही उन्हाळ्यात प्यायलाच दिवसाला चाळीस-पन्नास लिटर लागतं, गोठा धुणं वेगळं. मग वैरण विकत आणावी लागते, आणि मे महिन्यात वैरणीचा भाव कसा असतो ते वाडीत कुणालाही विचारा. भाताचा पेंढा तुमच्याकडे निघेल, पण एका खाचराचा पेंढा गाईला वर्षभर पुरत नाही. त्यातून कस तर अगदीच कमी मिळतो.

दुसरं म्हणजे गीरच का? गीर सौराष्ट्रातल्या कोरड्या मुलखातली. भोरच्या पश्चिमेला जून ते सप्टेंबर चिखल आणि झड असते, त्यात तिच्या खुरांचे हाल होतात. मी अकोले तालुक्यात राहते. आमच्याकडे डांगी गाय आहे, ती अशाच पावसात वाढलेली. तिची कातडी तेलकट असते, त्यामुळे पाणी अंगावर ठरत नाही. खूर काळे आणि टणक. पावसात चरून आलेल्या डांगीच्या पाठीवर हात फिरवला तर हाताला तेलासारखं काहीतरी लागतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तशीच उभी राहिले होते. दूध दोन-तीन लिटर, पण घराला पुरतं. कधी गाय घ्यायचीच झाली तर डांगीचा विचार करा. आणि ती बाजारातून घेण्यापेक्षा ओळखीच्या दावणीवरून, तिची आई आणि मागचं वेत बघून घ्या. कानातला पिवळा बारा अंकी बिल्ला तपासा.

पण त्याआधी एक प्रश्न तुम्ही आणि सासूबाईंनी मिळून सोडवायला हवा. गाय दूध देते ती व्याल्यावर, आणि निम्म्या वेळा गोऱ्हा होतो. त्या गोऱ्ह्याचं काय करणार? पूर्वी त्याचा बैल व्हायचा आणि नांगराला जुंपला जायचा. आता तुमच्या दोन एकरांत बैलाला काम नाही, आणि गावात ट्रॅक्टर फिरतोय. राज्यात गाईची कत्तल आधीपासूनच बंद होती, २०१५ पासून बैल आणि वळूचीही बंद आहे. तुमची इच्छा आणि कायदा इथं एकाच बाजूला आहेत, पण गोऱ्ह्याचं पोट त्यानं भरत नाही. गाय भाकड झाल्यावरही बरीच वर्षं जगते. म्हणजे एक गाय आणणं म्हणजे पंधरा वर्षांत तीन-चार जनावरांची वैरण अंगावर घेणं. हे पेलणार असाल तर जरूर आणा, पण दावं हातात घेण्याआधी पेलायचं ठरवा. रस्त्यावर सोडून दिलेले गोऱ्हे मी रोज बघते. त्यांतले बरेचसे हौसेनं गाय पाळलेल्या घरांतलेच असतात. आधी हिशोब केला नव्हता म्हणून ती वेळ आली.

शेणासाठी गाय हवी असं म्हणाल, तर तेही तपासून बघू. जीवामृत या आंबवलेल्या द्रव खताला एकरी दहा किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि दोनशे लिटर पाणी लागतं. तुमच्या दोन एकरांना महिन्यातून एकदा द्यायचं म्हणजे वीस किलो शेण, एका देशी गाईचं दोन-तीन दिवसांचं. ही पद्धत रुजवणारे सुभाष पाळेकर स्वतः सांगतात की एक देशी गाय तीस एकरांना पुरते. तुम्हाला दोन एकरांसाठी अख्खी गाय कशाला हवी? वाडीत ज्यांच्याकडे दोन-चार गाई आहेत त्यांच्याशी बोला. शेणाचे पैसे द्या, तुमच्या बांधावरचं गवत त्यांना कापू द्या. त्यांनाही बरं, तुम्हालाही बरं, आणि वाडीशी एक धागा जुळतो.

शेतात जनावर असणं आणि जनावर आपल्या मालकीचं असणं, या दोन गोष्टी शिबिरात बहुतेक एकच धरल्या गेल्या असाव्यात. सत्तरच्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात मॉलिसन आणि होल्मग्रेन यांनी पर्माकल्चर मांडलं. तिकडे मोठाली एकटी शेतं, शेजारी लांब, तेव्हा सगळं आपल्याच कुंपणात असणं त्यांना सोयीचं. आपल्याकडे शेत वाडीला लागून असतं, आणि जनावरं पिढ्यान्‌पिढ्या शेताच्या हद्दी ओलांडून कामाला येत आली आहेत. धनगराचंच बघा. पठारावरचे धनगर दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन घाट उतरतात आणि कोकणाकडे जातात. वाटेतल्या शेतकऱ्यानं बोलावलं की कापणी झालेल्या रानात मेंढ्या बसवतात. संध्याकाळी वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण लावून कळप आत घेतात. रात्रभर लेंड्या आणि मूत त्याच जागेवर पडतं, खुरांनी माती मोकळी होते. शेतकरी त्याबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. भात निघाल्यावर तुमच्या खाचरात दोन रात्री मेंढ्या बसवल्या तर पुढच्या भाताला फरक दिसेल. तुमच्याकडून धनगरांचा वाडा, म्हणजे कळपासह चाललेली कुटुंबं, कधी जातो ते वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा. फक्त झाडांच्या बाजूला पक्कं कुंपण हवं, आणि मेंढ्या खाचरातच बसतील हे धनगराशी आधी बोलून घ्यायचं.

शेळ्या मात्र यादीतून काढाच.

शेळी गरिबाची गाय आहे, आणि मला ती जनावरांत सगळ्यात हुशार वाटते. पण तुमच्या १८० झाडांपैकी बरीचशी अजून डोक्याएवढीही नसतील. आमच्याकडे तिसऱ्या वर्षी शेळ्या आणल्या तेव्हा एक उस्मानाबादी पाट, म्हणजे तरणी शेळी, दाव्यातून सुटली. मी पोहोचले तेव्हा ती मागच्या दोन पायांवर उभी होती. पुढचा एक पाय शेवग्याच्या खोडावर ठेवून, छातीचा भार टाकून तिनं रोपटं कमानीसारखं वाकवलं होतं आणि शेंडा खात होती. घाई नव्हती. शेंडा संपल्यावर साल सोलायला लागली. अर्ध्या तासात एकवीस रोपं गेली. सालीचं कडं निघालेली आंब्याची कलमं पुढं वाळून गेली. हिवरेबाजारला आणि राळेगणला डोंगर हिरवा करताना कुऱ्हाडबंदीच्या बरोबरीनं चराईबंदी का करावी लागली, ते त्या दिवशी मला डोळ्यांनी कळलं.

बांधून पाळाव्यात म्हणाल, तर त्याला आधी बांधावर शेवरी, हादगा, थोडी सुबाभूळ वाढलेली हवी. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नये, नाहीतर जनावराचे केस झडतात. पण चाऱ्याचा प्रश्न सुटला तरी मूळ प्रश्न तसाच राहतो. शेळी पाच महिन्यांत विते, बहुतेक वेळा जुळी देते, दोन वर्षांत तीन वेतं होतात. पाच शेळ्यांच्या दोन वर्षांत पंचवीसच्या वर होतात आणि करडांतले निम्मे बोकड असतात. शेळीपालन बोकडाच्या विक्रीवर चालतं, आणि बोकड मटणासाठीच विकला जातो, दुसरा गिऱ्हाईक नाही. तुमची इच्छा मला मनापासून पटते, तिचा मान राखायचा तर शेळी पाळू नका. व्यापाऱ्याला विकून "पुढं त्याचं काय झालं ते आम्हाला माहीत नाही" असं म्हणणं तुम्हाला जमणार नाही, हे तुमच्या पत्रावरूनच दिसतं.

म्हणजे राहिल्या कोंबड्या. सुरुवात त्यांच्यापासून करा, पंचवीस नको, दहा. तुमच्या झाडांना आत्ता ज्या कामाची गरज आहे ते त्या करतील. पालापाचोळा उकरतील, वाळवी आणि अळ्या टिपतील, स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं खातील, खत देतील आणि अंडी देतील. पर्माकल्चरमधलं एका घटकाकडून चार कामं करून घेण्याचं तत्त्व इतकं सरळ दुसऱ्या कुठल्याच जनावरात दिसत नाही. शिवाय दहा कोंबड्यांना दिवसाला किलोभर दाणा लागतो, आणि मोकळ्या फिरल्या तर तोही कमी.

गावरान घ्या. वर्षाला साठ-सत्तर अंडी देतात, गिरिराज-वनराजसारख्या सुधारित जातींपेक्षा कमी, पण झाडावर चढतात, घारीची सावली पडली की पिल्लांना पंखाखाली घेतात आणि खुडूक बसतात. खुडूक कोंबडी म्हणजे तुमचं अंडी उबवायचं यंत्र, तेही वीज न लागणारं. अंधाऱ्या कोपऱ्यात टोपलीत राख आणि पेंढा घालून दहा-बारा अंडी ठेवली की एकवीस दिवस ती हलत नाही, दिवसातून एकदा दाण्यापाण्याला उठते तेवढंच. सातव्या-आठव्या दिवशी रात्री बॅटरीच्या उजेडात अंडं धरून बघा. जगलेल्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल शिरा दिसतात. वांझ अंडं नुसतं पिवळसर उजळतं, ते काढून टाका. सासूबाईंना हे दाखवा. मला खात्री आहे, रोज रात्री त्याच बॅटरी घेऊन जातील.

कोंबड्यांतही निम्मे नर निघतात, हे लपवत नाही. दहा तलंगांमागे, म्हणजे तरण्या कोंबड्यांमागे, एक कोंबडा पुरे, जास्त झाले की भांडून रक्तबंबाळ होतात. तुम्हाला कापायला द्यायचे नाहीत, तर उपाय एकच आहे, संख्या आवरायची. रवण, म्हणजे अंडी उबवायला बसवणं, वर्षातून एकदाच, तीही चार-पाच अंड्यांची. बाकीच्या वेळी अंडी रोजच्या रोज उचला. जास्तीचे दोन-तीन कोंबडे वेगळ्या जाळीत मरेपर्यंत सांभाळणं जमण्यासारखं आहे, गोऱ्ह्यासारखं ते घर बुडवत नाही.

खुराडं घराच्या दाराशी बांधा, शेताच्या टोकाला नको. ज्याला दिवसातून चारदा हात लागतो ते डोळ्यांसमोर असावं. मोठ्या भोकांची षटकोनी कोंबडीजाळी वापरू नका, अर्ध्या इंचाची वेल्डजाळी घ्या आणि ती जमिनीत फूटभर पुरा. दरवाज्याखालची फट बोटानं मोजा. आमच्या पहिल्या खुराड्याला चार बोटं फट राहिली होती. एका पहाटे मुंगूस तिथून आत शिरलं आणि मी कडी काढली तेव्हा चौदांपैकी सात कोंबड्या माना चावलेल्या पडल्या होत्या. त्यानं खाल्ली होती एकच. तुमच्या भागात बिबट्याही आहे, म्हणून कुत्रं रात्री बाहेर बांधून ठेवू नका. त्यालाही बंद जागा हवी.

आजारांपैकी एकच सांगते, कारण तोच सगळा कळप नेतो: राणीखेत, गावाकडची मानमोडी. मान पिळवटते, हिरवी पातळ विष्ठा होते, आणि मग औषध नाही. लस मात्र आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना डोळ्यात लासोटाचा एक थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्यानंतर आरटूबी या लशीची सुई. अडचण अशी की लशीची कुपी निदान शंभर पक्ष्यांची येते, बर्फात ठेवावी लागते आणि कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कुपी फोडायला माणूस मागंपुढं पाहतो. म्हणून वाडीतल्या सगळ्यांच्या कोंबड्यांना एकाच दिवशी लस द्या. तुमच्याच दहांना दिली आणि वाडीतल्या साठ राहिल्या तर आजार तुमच्या कुंपणाशी रेंगाळतच राहतो. आमच्या पाड्यावर आम्ही संध्याकाळी कोंबड्या डालग्यात आल्यावर हे करतो, दोन तासांत होतं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन आधीच ओळख करून या, आणि १९६२ हा फिरत्या पथकाचा नंबर खुराड्याच्या दारावर रंगानं लिहून ठेवा.

ताजी कोंबडविष्ठा थेट झाडाच्या बुंध्याशी टाकू नका, मुळं जळतात. खुराड्यात वीतभर भाताचा कोंडा-पेंढा अंथरा, ती त्यात मुरते, चार-सहा महिन्यांनी काढून खड्ड्यात कुजवा. झाडांखाली कोंबड्या फिरवायच्या तर चाकावरचं हलकं, बिनतळाचं पिंजऱ्यासारखं खुराडं करून दोन-दोन दिवसांनी जागा बदला. एकाच जागी राहिल्या तर जमीन टक्कल पडल्यासारखी होते.

बदकं आत्ता नको, पाणीच नाही. मधमाश्यांसाठी पेटी विकत घेण्याआधी वर्षभर फुलोऱ्याची नोंद ठेवा. सातेरी या देशी जातीच्या माश्या तुमच्या भागात आहेतच, खायला मिळालं तर स्वतः येतील.

या वर्षी काय करायचं, ते सांगून थांबते. जूनमध्ये बांधावर शेवरी आणि हादगा लावा. गाय कधी आली तर तिच्यासाठी, नाही आली तर आच्छादनाला होईल. बांधावरची घाणेरी उपटून काढा, जनावराच्या यकृताला ती विष आहे. शेणाचं वाडीत ठरवून टाका. दिवाळीनंतर मेंढ्या बसवा. उन्हाळ्यात बोअर रोज किती मिनिटं चालते ते वहीत लिहा, गाईचा निर्णय त्या वहीवर सोडा. आणि यजमान राहायला गेले की पुढचा पाऊस संपल्यावर, दसऱ्याच्या सुमाराला दहा तलंगा आणा. भर पावसात नवे पक्षी आणू नका, ओल आणि गारठा त्यांना बाधतो.

पहिले सात दिवस त्यांना खुराड्यातच ठेवा. आठव्या दिवशी सूर्य मावळायच्या तासभर आधी दार उघडा. लांब जाणार नाहीत, तेवढ्यात अंधारायला लागेल आणि एकेक करत आपणच आत शिरतील. सासूबाईंना मोजायला सांगा, दहा भरल्या की मग कडी लावा.